मापातलं पाणी

पावसाळ्यात बेळगावजवळचं जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघालं की पाणी कुठं नाही तेवढंच विचारावं. खाचरात गुडघाभर, रस्त्यावर घोटाभर आणि रेनकोट घालूनही पार बनियनपर्यंत. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेची वाट धरते. जवळचाच कळसा नाला मात्र पश्चिमेला वळून गोव्यात जाणाऱ्या म्हादई नदीला मिळतो. या मुलखावर जीव असलेल्या माणसाला डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर पाणी लिहून द्यावं, हे आमच्या अण्णांना शेवटपर्यंत विनोदीच वाटायचं. "पंगतीला बसवलं आणि पान उलटं घातलं की रे," म्हणायचे.

अण्णा म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. घर टिळकवाडीत, पण त्यांचा खरा मुक्काम येझदीवर. म्हैसूरची ती गाडी. ज्या दांड्यानं किक मारायची तोच वळवून गिअर टाकायचा. नवखा माणूस किक शोधत गाडीभोवती फिरायचा आणि अण्णा ती फजिती मन लावून बघायचे, मदत अजिबात करायचे नाहीत. मित्रांना घेऊन मोहिमा काढणारे पुष्कळ असतात. हे गृहस्थ सासूबाईंना घेऊन पारगड चढले. राजहंसगड, आंबोली, गोकाकचा धबधबा, सगळीकडं बिऱ्हाड सोबत. काकू मागं, थोरला मधे, धाकटी टाकीवर. आता कुणी असं बसवलं तर पोलीस धरतील आणि धरायलाच पाहिजे, पण तेव्हा चालायचं.

मग बीपीनं किडन्या गेल्या. बरीच वर्षं बीपी होतं, दुखत काही नव्हतं, म्हणून गोळी कधी घेतली, कधी नाही. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. डायलिसिसच्या सुया टोचायला डाव्या हातात रोहिणी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला. त्या जागी बोट ठेवलं की कातडीखाली बारीक घरघर लागायची. घरातल्या पोरांना अण्णा मुद्दाम हात लावायला सांगायचे, "बघ, येझदी न्यूट्रलवर आहे."

बाटलीचं मला फार अप्रूप होतं. सरबताची जुनी काचेची, पाऊण लिटरची. तिच्या अंगावर इलेक्ट्रिकच्या कामाची काळी टेप चिकटवून चार खुणा केलेल्या. सकाळी भरायची, दिवसाचं पाणी तेवढंच, कारण प्यायलेलं बाहेर टाकायला किडन्या उरल्या नव्हत्या. पण चहाही पाणीच, आमटी पाणी, ताकही पाणी. म्हणून अण्णांनी नियम केला: अर्धा कप चहा घेतला की बाटलीतून तेवढंच पाणी तुळशीत ओतायचं. त्या घरची तुळस कधी वाळली नाही. दुपारी तीनच्या सुमारास बाटली तळाला लागली की फ्रीजमधला बर्फाचा एक खडा तोंडात धरून ते पेपर वाचायचे. खडा विरघळेपर्यंत त्यांच्याशी बोलायचं नाही, असा अलिखित कायदा होता.

काकूंचं स्वयंपाकघर तर प्रयोगशाळाच झालं. बटाटे चिरून उकळायचे आणि ते पाणी टाकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. ते रक्तात फार वाढलं तर हृदयच थांबतं. शहाळं बंद, केळं बंद. मीठ कमी, कारण मिठानं तहान लागते. दुधातल्या फॉस्फरसपायी खव्याचा कुंदा बंद. बेळगावात राहून कुंदा बंद! गोकाकचा सुकामेव्याचा करदंट मात्र कपाटामागून निघायचा, कुणी आणून द्यायचं ते काकूंना अजून कळलेलं नाही आणि मी सांगणार नाही.

ते काही संत नव्हते. शुक्रवार ते सोमवार हा मोठा खाडा, त्यात रविवारी हमखास घसरायचे. एक लिटर जास्त प्यायलं की काट्यावर एक किलो, लपवाछपवीला जागाच नाही. सोमवारी सिस्टर वजन बघून कानडीत म्हणायच्या, "नीर कडिमि कुडीरि, अण्णा," पाणी कमी प्या. मग जास्तीचं पाणी ओढून काढताना पायात गोळे यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन राग निघायचा काकूंवर. काकू ऐकून घ्यायच्या, रात्री उट्टं काढायच्या.

पण शनिवार त्यांचा. आदल्या दिवशी रक्त धुतलेलं, अंग हलकं, पुढचं डायलिसिस दूर. त्या दिवशी सगळ्यांना उठवून गाडीत कोंबायचं. येझदी सुटली होती, थोरल्याची कार आली होती. राजहंसगडाच्या चढावर घरच्या सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या अण्णांच्या उजव्या खांद्यावर. डाव्या हाताला वजन चालत नाही. धापा टाकणाऱ्या नातवाला झाकण उघडून देताना स्वतःच्या ओठांवरून जीभ फिरवायचे. ते मी बघितलं आहे.

गेले तेव्हा चौकात फ्लेक्स लागला, 'आजाराशी झुंजार लढा'. लावणाऱ्यांचं प्रेम खरं, पण लढाबिढा मला कधी दिसला नाही. दिसला तो हिशेब. कुठल्या दिवशी किती घोट, कुठला चढ, किती वाजता परत. सरकारी हिशेबनीसाच्या चिकाटीनं त्यांनी बायकापोरांसाठी शनिवार शिल्लक पाडले.

गोव्याच्या सहलीचाही असाच हिशेब. तीन दिवस राहायचं तर मधलं एक डायलिसिस तिथं करायला हवं. महिनाभर आधीपासून फोन, काविळीचे आणि एचआयव्हीचे रिपोर्ट, मागच्या डायलिसिसचे कागद. सगळं जमवून चोर्ला घाट उतरलो. बाकीचे समुद्रावर, काकू आणि थोरला अण्णांजवळ. आणि तिथं अण्णांनी तो विनोद केला. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा भांडताहेत. 2010 मध्ये लवाद बसला, 2018 मध्ये निवाडा आला, तरी भांडण आहेच. अण्णा म्हणाले, "कर्नाटकात प्यायलेलं पाणी गोव्यात काढून दिलं. तंटा मी एकट्यानं मिटवला."

यावरून आता घरात तंटा आहे. काकू म्हणतात, हे ते परतताना घाटात बोलले. थोरला म्हणतो, छे, खुर्चीवरच. सिस्टरला पहिल्यांदा कळलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं, सांगताना स्वतःच हसले, हात हलला, मशीन बोंबलायला लागलं आणि अण्णांना कोंकणीत बोलणी बसली.