पाऊस लागला की गाडी उभी का करतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शेठ विचारतात, माल उतरवून घेणारे व्यापारी विचारतात, लग्नात जेवायला बसलं की मेहुणेही सोडत नाहीत. "बावीस वर्षं ट्रकच्या स्टेअरिंगवर काढली, आणि पाऊस दिसला की सेंधव्यालाच गाडी लावतो. काय भो, घाबरी गया का?"

हो, घाबरलो. झालं समाधान?

सेंधवा ओलांडलं की शिरपूरकडे उतरणारा बिजासन घाट मला कोणी शिकवू नये, असा माज होता एकेकाळी. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हे उस्तादाने पहिल्याच वर्षी सांगितलेलं. पण सेकंडला गाडी रांगते, मागचे हॉर्न मारतात, शेठचा फोन येतो. मग थर्ड, मग फोर्थ. डिझेल वाचवायला गाडी न्यूटलला, म्हणजे बिनगिअरची, सोडणाऱ्यांतला मात्र मी कधीच नव्हतो. त्यांची मी टिंगल करायचो.

२०१४ चा ऑगस्ट. इंदूरहून सोया पेंड भरून धुळ्याकडे निघालो होतो, रात्रीचे अकरा. देवीच्या देवळापाशी पावसाचा जोर वाढला. क्लिनर म्हणाला, "उस्ताद, थांबू ना घडीभर." वीसेक वर्षांचं पोरगं, शिरपूर तालुक्यातलं. मी म्हटलं, बस गप, घरी जाऊन भाकर खाशील.

फोर्थला होतो. वळणावळणाला ब्रेक. वायपर फिरून गेला की पुन्हा सगळं पाण्यात. मग जळका वास आला, ब्रेकच्या लायनरचा. ब्रेकच्या हवेचा काटा जागेवर होता. पेडल पायाखाली घट्ट, फक्त गाडी ऐकत नव्हती. चाकांचे ड्रम एकदा तापले की आतून दाबला जाणारा लायनर पकडत नाही, हवा कितीही असो. थर्ड टाकायला क्लच दाबला, आणि गिअर पडेचना. नुसती खरखर. सोळा टन पेंड घेऊन मी न्यूटलला उतरत होतो.

पोराला ओरडलो, "उडी मार!"

त्याने दार उघडलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मारली. पुढच्या वळणाला डोंगर डाव्या हाताला आला तशी मी चाकं गटारात घातली. फूटबोर्ड, आरसा, सगळं खरवडत गाडी दगडाला घासत गेली आणि थांबली. मला ओरखडासुद्धा नाही. पोरगं मागे कठड्याच्या खांबाशी पडलेलं. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता.

बसून राहिला असता तर घरी चालत गेला असता. पण गाडी थांबेल हे तेव्हा कोणाला माहीत होतं? २०२३ च्या जुलैत घाटाखालच्या पळासनेरला ब्रेक गेलेला कंटेनर हॉटेलात घुसला, माणसं गेली, तेव्हा वाटलं, बघा, उडी मार म्हटलं ते बरोबरच होतं. दोन दिवसांनी स्वतःचीच लाज वाटली. थांबू असं तो आधीच म्हणाला होता. उडीची वेळ आणली कोणी?

म्हणून थांबतो. तेही रस्त्याच्या कडेला नाही, पावसात कडेची गाडी मागच्याला दिसत नाही. ढाब्याच्या आवारात आत घेतो. पाऊस ओसरला की सेकंड टाकून, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक, लावून उतरतो. हॉर्न मारणाऱ्यांनी मारावेत.

आता तुमची बाजूही सांगतो. गेल्या पावसाळ्यात रात्री आठपासून पहाटे चारपर्यंत उभा होतो. माझ्या डोळ्यांदेखत पंधरा-वीस गाड्या घाटात उतरल्या. सगळ्या सुखरूप शिरपूरला पोहोचल्या, ढाब्यावर बसून फोनवर विचारलं मी. शेठने भाड्यातले दोन हजार कापले. मी गाडी काढली असती तर मीही पोहोचलो असतो, बहुतेक.