मरिया सिबिला मेरियानची आई कोण? एका वंशवृक्षात अडकलेली मी

मरिया सिबिला मेरियान माझी फार आवडती चित्रकार. सुरवंट, कोष, फुलपाखरू आणि ज्या झाडावर ते जगतं ते झाड, सगळं एकाच चित्रात रंगवणारी. १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या लेकीला घेऊन ती सुरिनामला गेली. तिचं घराणं मांडायला बसले, तेव्हा वडिलांची बाजू भराभर लागली. माथेउस मेरियान, मूळचे बाझेलचे, फ्रँकफुर्टचे नामांकित प्रकाशक.

अडलं ते आईपाशी. ज्या संकेतस्थळावर मी वंशवृक्ष बघत होते, तिथे कुणीतरी आई म्हणून मरिया माग्दालेना द ब्री हिला चिकटवलं होतं. म्हणजे अमेरिकेच्या प्रवासवर्णनांची चित्रं छापणारे थिओडोर द ब्री मरिया सिबिलाचे पणजोबा! असा पणजोबा कोण सोडतंय? मी दुरुस्ती केली की कुणीतरी परत जुनंच टाकायचं. तक्रार केली, तर ‘पुरावा जोडा’ एवढंच ठराविक उत्तर, आणि पुरावा जोडला की शांतता. अजून आठवलं तरी चीड येते, कारण यात वादाला जागाच नाही. माग्दालेना वारली १६४५ मध्ये. माथेउसनी १६४६ मध्ये योहाना सिबिला हाइमशी दुसरं लग्न केलं आणि मरिया सिबिला जन्मली २ एप्रिल १६४७ ला. थिओडोर द ब्रींची पतवंडं म्हणजे तिचे सावत्र भाऊ, धाकटा माथेउस आणि कास्पार. शेवटी या तारखा एकाखाली एक लिहून थेट व्यवस्थापकांना पाठवल्या, तेव्हा कुठे आईचं नाव बदललं. त्या दिवशी मी घरभर सांगत सुटले.

तुम्हीही असं काही शोधत असाल तर नावांआधी बायकांच्या मृत्यूच्या आणि नवऱ्यांच्या दुसऱ्या लग्नाच्या तारखा मांडा. सावत्र वडीलही सोडू नका. १६५१ मध्ये योहानाने याकोब मारेलशी लग्न केलं आणि मुलीला चित्रकला त्यांनीच शिकवली. आणखी एक आठवलं: लग्नानंतरच्या नावानेही शोधा. मरिया सिबिलाच्या १६७९ च्या सुरवंटांच्या पुस्तकावर ‘ग्रेफिन’ असं नाव आहे आणि पुढे ‘थोरल्या माथेउस मेरियानची मुलगी’ असंही छापलंय.

आता तसाच घोळ खालच्या पिढीत सापडलाय. गणिती ऑयलरची दुसरी बायको सालोमे ही मरिया सिबिलाची नात, पण त्याची मुलं पहिल्या बायकोची, म्हणजे कातारिनाची. कातारिना ही सालोमेची सावत्र बहीण, तिची आई वेगळी. तरी ती मुलं मेरियानच्या वंशात घातली आहेत. त्याचीही तक्रार पाठवली आहे, या वेळी तारखांसकट.