कर्ता नसलेला मथळा

सोमवार

‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून.’ मराठी दैनिकांत हा मथळा इतका सरावाचा झाला आहे की वाचताना डोळा अडखळत नाही. माध्यमांतला गुन्हा आणि लिंगभाव हा ज्यांचा अभ्यासविषय, त्यांचं पहिलं शिक्षण म्हणजे नेमकं तिथे अडखळणं. शब्द चार. पहिले दोन कारणाला दिले, तिसरा मेलेल्या बाईला, चौथा कृत्याला. मारणारा कुठेच नाही. पत्नी म्हटल्यावर पती समजतोच, असं उपसंपादक म्हणेल, आणि एका स्तंभात अक्षरं मोजकीच मावतात हेही खरं. पण जागा वाचवायला कारण कापता आलं असतं. कापला गेला तो कर्ता. शिवाय संशय कोणाचा? मारणाऱ्याचा. त्याने कोठडीत सांगितलेलं कारण मथळ्यात आलं की ते वर्तमानपत्राचं स्वतःचं म्हणणं होऊन बसतं.

‘पतीने पत्नीचा खून केला’, ‘पतीकडून पत्नीचा खून’, ‘पत्नीचा खून’, ‘विवाहितेचा मृत्यू’. आधी क्रियापद गळतं, मग कर्ता, शेवटी खूनही. प्रत्येक बातमीचे तपशील ज्यात भरायचे त्या नोंदपत्रकात या चार पायऱ्यांना चार वेगळे संकेतांक, म्हणजे मोजणीसाठी ठरवलेले आकडे, हवेत. इंग्रजी वृत्तपत्रांच्या अभ्यासांतून उचललेली कर्तरी आणि कर्मणी अशी दोन खणांची वर्गवारी इथे तोकडी पडते, कारण मराठी मथळ्याला बहुतेकदा क्रियापदच नसतं. सगळा भार विभक्तीवर. ‘युवतीवर अत्याचार’ यातला ‘वर’ हा प्रत्ययासारखा शब्द युवतीला माणूस राहू देत नाही, घटना जिथे घडली ती जागा करून टाकतो. व्याकरण पक्कं नसेल तर हा अभ्यास मराठीत करता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

मंगळवार

नमुना निवडीबद्दल. गोव्यातल्या एखाद्या दैनिकाचं एक वर्ष अभ्यासायचं तर रचित आठवडा ही पद्धत सर्वमान्य आहे: वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक सोमवार, मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात वार जुळवायचे. असे दोन आठवडे, म्हणजे १४ अंक, वर्षभराच्या सर्वसाधारण मजकुराचं चित्र बऱ्यापैकी देतात. चिठ्ठीत चवथीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीचा दिवस निघाला आणि त्या दिवशी अंकच नसला, तर पुढच्या आठवड्यातला तोच वार घ्यायचा. शेजारचा वार घेतला की रचना मोडते.

मात्र लैंगिक गुन्ह्यांच्या बातम्यांना १४ अंक पुरत नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. एवढ्याशा राज्यात अशा बातम्या रोज ठरावीक संख्येने येत नाहीत. एखाद्या प्रकरणाच्या दहा बातम्या एका आठवड्यात आणि मग पंधरा दिवस शांतता. इथे सलग तीन-चार महिन्यांचे सगळे अंक तपासण्याला पर्याय नाही.

ई-पेपर शोधून काम भागेल असं वाटतं, पण तिथेही अडचणी येतात. युनिकोडपूर्व काळातल्या श्रीलिपीसारख्या फाँटमधला मजकूर कॉपी केला की निरर्थक चिन्हं उमटतात. ते आधी रूपांतरित करावं लागतं. त्याहून फसवं आहे ते सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं बदलणारं रूप. ‘मुलगी’ असा शोध घेतला तर ‘मुलीवर’, ‘मुलीचा’, ‘मुलीस’ सगळं निसटतं. ‘म्हापसा’ शोधला तर ‘म्हापशात’ सापडत नाही, ‘फोंडा’ शोधला तर ‘फोंड्यात’ नाही, ‘पेडणे’ शोधलं तर ‘पेडण्यात’ नाही. म्हणून ‘मुली’, ‘म्हापश’, ‘फोंड्या’, ‘पेडण्या’ असे तुकडे मूळ रूपाच्या जोडीने शोधायचे. अपराधाचे शब्दही एक नाहीत: बलात्कार, अत्याचार, अतिप्रसंग, विनयभंग, छेडछाड, लैंगिक छळ, ‘अश्लील चाळे’. कलमाच्या आकड्यावर विसंबणाऱ्यांसाठी आणखी एक अडसर: १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. बलात्काराच्या शिक्षेचं ३७६ आता ६४ झालं, विनयभंगाचं ३५४ आता ७४, खुनाचं ३०२ आता १०३, सासरच्या छळाचं ४९८ अ आता ८५. जुने आकडे शोधत राहिलं तर त्या तारखेनंतर गुन्हे घटले असा साफ खोटा आलेख निघतो.

बुधवार

आज थोडकंच. या विषयाला विद्यापीठात स्वतःचं असं घर नाही. प्राध्यापकपदासाठीची ‘नेट’ ही पात्रता परीक्षा द्यायची तर पत्रकारिता, स्त्री-अभ्यास, समाजशास्त्र, गुन्हेशास्त्र यांपैकी एक दार निवडावं लागतं, आणि नंतर प्राध्यापकपदाची जाहिरातही त्याच दारातून येते. पीएच.डी.ला २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन, कमाल सहा वर्षं. त्यातलं पहिलं वर्ष संकेतपुस्तिकेवर, म्हणजे कोणत्या गोष्टीला कोणता संकेतांक द्यायचा हे ठरवणाऱ्या नियमांवर, गेलं तरी ते वाया गेलं असं समजू नये. पुस्तिका कच्ची ठेवून मोजायला धावलं की तिसऱ्या वर्षी सगळं पुन्हा मोजावं लागतं.

गुरुवार

दोन संकेतकांची, म्हणजे त्याच बातम्या स्वतंत्रपणे वाचून नोंदपत्रक भरणाऱ्या दोघींची, जुळणी. टक्केवारीने फसू नये, याचं उदाहरण वहीत मांडून ठेवते. शंभर बातम्या, प्रश्न एकच: ‘बातमी स्त्रीला दोष देते का?’ पहिलीने पाच बातम्यांना ‘हो’ म्हटलं, दुसरीनेही पाच, पण दोघींची सहमती त्यातल्या एकाच बातमीवर. चार इकडे, चार तिकडे, उरलेल्या ९१ वर दोघींचं ‘नाही’. जुळणी ९२ टक्के! प्रबंधात हा आकडा छान दिसतो. योगायोगाने होणारी जुळणी वजा करून मोजणारा क्रिपेन्डॉर्फचा अल्फा काढला तर तो येतो जेमतेम ०.१६. भरवशाच्या निष्कर्षाला तो ०.८० हवा, ०.६६७ च्या खाली तर तात्पुरता निष्कर्षही काढू नये. ‘नाही’ची गर्दी इतकी असते की डोळे मिटून ‘नाही’ लिहीत गेलं तरी जुळणी वर जाते, आणि आपल्याला खरोखर हवा असलेला ‘हो’ मोजलाच जात नाही.

यावर संकेतकांना झापून उपयोग नाही. प्रश्नच चुकलेला असतो. ‘दोष देते का’ हे मत झालं. त्याऐवजी डोळ्यांना दिसतं ते विचारायचं: तिच्या कपड्यांचा उल्लेख आहे? घटनेच्या वेळेचा, दारूचा? ‘एकटीच’, ‘रात्री उशिरा’, ‘मैत्रीचे रूपांतर प्रेमात’ हे शब्द आहेत? आरोपीबद्दल तसलाच एखादा तपशील आहे? प्रत्येकाला वेगळा रकाना द्यायचा. दोषारोप नंतर विश्लेषणात या रकान्यांतून बांधता येतो.

शुक्रवार

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ओळखीची. बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यावर न्याय संहितेच्या कलम ७२ ने, म्हणजे जुन्या २२८ अ ने, बंदी आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पीडित मूल असेल तर २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या, कायद्याचं कलम २३ आणखी पुढे जातं: नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, काहीच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जे जुळवून ओळख पटू शकेल असा दुरान्वयाने येणारा तपशीलही छापू नये.

गोव्यात हे जुळवणं भयंकर सोपं आहे. एका दैनिकाने गावाचं नाव दिलं, दुसऱ्याने वाडा, तिसऱ्याने ती कितवीत शिकते ते, चौथ्याने आरोपी ‘शेजारचा’ आणि त्याचा धंदा. एकानेही नाव छापलेलं नाही, चौघेही आपण नियम पाळला असं म्हणतील. पण एका वाड्यावर त्या इयत्तेतल्या मुली असतात किती? दोन? गावाला दुपारपर्यंत सगळं कळतं. म्हणून ओळख उघड झाली का हे एकेका बातमीवरून ठरवून चालत नाही. त्या दिवशीच्या सगळ्या दैनिकांतले तपशील एका ओळीत मांडायचे आणि मग पाहायचं. हा रकाना मी फार आग्रहाने ठेवायला सांगेन.

हाच नियम अभ्यासकालाही. प्रबंधात मथळा जसाच्या तसा उद्धृत केला की तो शोधयंत्रात टाकून कोणीही मूळ बातमीपर्यंत जातं. म्हणून तक्त्यात गावाऐवजी तालुका, वयाऐवजी वयोगट. पेडणे, काणकोण, धारबांदोडा असा विरळ वस्तीचा तालुका असेल तर फक्त जिल्हा. मथळ्याची वाक्यरचना तशीच ठेवून नामं बदलायची आणि तसं केल्याचं पद्धतीच्या प्रकरणात सांगायचं. निकालपत्रंही सुरक्षित समजू नयेत. २०१३ च्या बांबोळीतल्या हॉटेलमधल्या बलात्काराच्या आरोपाच्या प्रकरणात म्हापशाच्या सत्र न्यायालयाने मे २०२१ मध्ये आरोपीला निर्दोष सोडलं. तेव्हा निकालपत्र संकेतस्थळावर चढवण्याआधी त्यातले तक्रारदार स्त्रीची ओळख सांगणारे उल्लेख झाकण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला द्यावा लागला होता.

शनिवार

बातमी येते कुठून, हा रकाना बहुतेक नोंदपत्रकांत एकाच शब्दात भरलेला असतो: पोलीस. प्रथम माहिती अहवाल, त्यावरून प्रसिद्धिपत्रक, त्यावरून बातमी. फिर्यादीची शब्दकळा या वाटेने सहीसलामत पानावर पोचते. ‘लग्नाचे आमिष दाखवून’ हा तसाच तयार साचा. मसाज पार्लरवरच्या छाप्याच्या बातम्या घ्या: ‘तीन युवतींची सुटका, दलाल अटकेत’, मग ‘युवतींची रवानगी मेरशीच्या संरक्षण गृहात’. सुटका झाली म्हणायचं, आणि खाली ओढणीत तोंड लपवलेल्या मुलींचा फोटो. त्या कुठल्या राज्यातल्या हे आवर्जून असतं, गिऱ्हाईक कोण होतं हे जवळजवळ कधीच नसतं. ‘बिगर गोमंतकीय’ हा शब्द कोणाला चिकटतो तेही मोजावं. आरोपी बाहेरचा असला की तो मथळ्यात येतो. गावचाच असला की ‘एकास अटक’. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल मात्र वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचाच असतो.

२००९ मध्ये फोंडा तालुक्यातल्या हत्यांची मालिका उघड झाली. १६ स्त्रियांच्या खुनांचे आरोप एकाच माणसावर. माध्यमांनी त्याला ‘दुपट्टा किलर’ म्हटलं आणि ते नाव आजही वापरात आहे. लग्नाच्या आशेने, अंगावरचं सोनं घालून घराबाहेर पडलेल्या त्या बायका, आणि त्यांचं बेपत्ता होणं इतकी वर्षं कोणाला का जोडता आलं नाही हा प्रश्न, दोन्ही त्या टोपणनावाखाली गाडलं गेलं. २००८ चं हणजूणचं ब्रिटिश मुलीच्या मृत्यूचं प्रकरण घ्या. बाल न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यातल्या एकाला दोषी ठरवलं. पहिल्या महिन्याचे अंक मोजून थांबलं तर ही अकरा वर्षं अभ्यासाबाहेरच राहतात.

म्हणून पत्रकाला आज तीन रकाने जोडले: पाठपुराव्याच्या बातमीची तारीख, ती कितव्या पानावर, आणि तिच्यात स्त्रीचा किंवा तिच्या घरच्यांचा एक तरी शब्द आहे का. तिसऱ्यासाठी ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच संकेतांक पुरतील की वकिलामार्फत आलेल्या शब्दाला वेगळा द्यावा, हे सोमवारी वीस बातम्या तपासून ठरवायचं.