गणपतीला सगळं घर एका गाडीत, आणि टोलमाफीचा पास: माझा अनुभव

2025 च्या गणपतीला सगळं घर एकाच गाडीतून गावी न्यायचं ठरलं. आजी, आई-बाबा, शहरातल्या दोन्ही काकांची बिऱ्हाडं, दादा-वहिनी, आत्या आणि पोरंटोरं. कोकण रेल्वेचं आरक्षण उघडलं तसं भरलं, आणि एसटीत आजीला इतके तास पाय खाली सोडून बसवत नाही. म्हणून 17 सीटर गाडी. कोण कुठे बसणार, टपावर काय चढणार, हे सगळं एका संध्याकाळी मिटलं. नाकी नऊ आणले ते टोलमाफीच्या पासने. पुढच्या वर्षी कुणाची तरी धावपळ वाचावी म्हणून लिहितेय.

गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या गाड्यांना राज्य सरकार टोलमाफी देतं. 2025 मध्ये ती 23 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर होती. मुंबई–बेंगळुरू महामार्ग, मुंबई–गोवा महामार्ग आणि सार्वजनिक बांधकाम विभागाचे इतर रस्ते त्यात होते. पास फुकट मिळतो, आरटीओत, पोलीस ठाण्यात किंवा वाहतूक पोलिसांच्या चौकीत. जाताना-येताना तोच चालतो. त्यावर गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव लिहिलेलं असतं.

आमचं घोडं अडलं ते या नंबरापाशीच. स्वतःची गाडी असेल तर काहीच नाही, आरसी बुक दाखवा आणि पास घ्या. आमची गाडी भाड्याची. ट्रॅव्हल्सवाल्याला पैसे देऊन झाले होते, पण नंबर मागितला की एकच उत्तर: "ताई, गाडी येणार, तुम्ही निर्धास्त राहा. नंबर आदल्या रात्री पाठवतो." गणपतीच्या दिवसांत गाड्या कमी आणि मागणी अफाट. आधीच्या फेरीवरून जी गाडी परत येईल ती पुढच्या गिऱ्हाईकाला, असं ते चालतं. त्यातही आमच्या ट्रॅव्हल्सवाल्याची स्वतःची गाडी नव्हतीच, तो दुसऱ्या मालकांकडून घेऊन देत होता. त्याची अडचण मला कळत होती. पण आदल्या रात्री नंबर आला तर पास कुठून आणायचा?

तशीच पोलीस ठाण्यात गेले. खिडकीवरचे हवालदार म्हणाले, "गाडीचा नंबर नाही, तर पासवर लिहू काय?" बरोबरच होतं त्यांचं. ट्रॅव्हल्सवाल्याच्या मागे लागून एक नंबर आणि आरसीचा फोटो मिळवला. तो इतका पुसट की मालकाच्या आडनावाचं शेवटचं अक्षर लागेना. तेव्हा रांगेच्या टोकाला पोचल्यावर "स्पष्ट प्रत आणा". दुसऱ्या दिवशी स्पष्ट प्रत नेली, तर कोरे पास संपलेले. "संध्याकाळी येतील, नाहीतर आरटीओत बघा." आरटीओत रांग फाटकाबाहेर. माझ्या पुढचे आजोबा घडीची खुर्चीच घेऊन आले होते. त्यांना हे दरवर्षीचं ठाऊक. पास मिळाला तेव्हा मला खरंच हायसं वाटलं.

आणि निघायच्या आदल्या रात्री जेवणं उरकत असताना मेसेज आला: गाडी बदलली आहे, नवा नंबर असा असा.

मी रडकुंडीला आले होते. वहिनी मात्र उठली. तिने ट्रॅव्हल्सवाल्याला फोन लावला आणि शांतपणे सांगितलं, "भाऊ, गाडी तुम्ही बदललीत. आता नव्या गाडीच्या आरसीची स्वच्छ प्रत दहा मिनिटांत पाठवा, आणि पास झाला नाही तर टोल तुम्ही भरायचा, हे आत्ता मेसेजवर लिहून द्या." दोन्ही गोष्टी आल्या! मग ती आणि दादा प्रिंट काढून वाहतूक पोलिसांच्या चौकीवर गेले. तिथल्या पोलिसांनी जुना पास जमा करून घेतला, नव्या पासवर जाड स्केचपेनने नंबर लिहिला, निळा शिक्का मारला. शाई ओली होती म्हणून वहिनी तो दोन बोटांत आडवा धरून घरी आली. रात्रीच तिने तो पारदर्शक प्लास्टिकमध्ये घातला. हेही करा, कारण पावसात काचेला आतून वाफ धरते आणि कागद गळून पडतो.

माझं ठाम म्हणणं आहे की भाड्याच्या गाड्यांसाठी वेगळी सोय हवी. कुटुंबाच्या नावाने पास द्या आणि नंबर पहिल्या नाक्यावर भरून घ्या. एका गाडीत अख्खं घर नेणाऱ्यांनाच सगळ्यात जास्त हेलपाटे पडतात, हे बरं नाही.

आम्ही कोल्हापूरमार्गे गेलो, कारण आमचं गाव वैभववाडीच्या अंगाला आहे आणि मुंबई–गोवा महामार्गावरच्या माणगाव-इंदापूरच्या कोंडीत आजीला अडकवायचं नव्हतं. याच रस्त्याला पासची खरी किंमत कळते: खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, नाक्यामागून नाके. गगनबावड्यावरून खाली उतरणार असाल तर करूळ घाटाची खबर निघायच्या दिवशीच घ्या. पावसात दरड आली की वाहतूक वळवतात. परतताना मुंबई–गोवा महामार्गाने आलो. कशेडीच्या बोगद्यामुळे तो घाट आता जाणवतही नाही.

गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा, आणि गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. आमच्या धाकट्याला घाट सुरू झाल्यावर दिली, तिचा काही उपयोग झाला नाही. बायकांसाठी स्वच्छ शौचालय दिसलं की गरज नसली तरी थांबा, पुढचं कधी मिळेल सांगता येत नाही. रात्रीचा प्रवास असेल तर दुसरा ड्रायव्हर मागा आणि तो खरंच झोपून आलाय का ते विचारा, यात संकोच नको.

गावात पोचल्यावर गावातले काका अंगणातच उभे होते. आजी उतरली, पायावर पाणी घेतलं आणि थेट माटवीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीखाली, जाऊन बसली. गौरी जेवून, आत्याच्या सासरी आणि आईच्या माहेरी जाऊन मगच निघालो. गाडी सोबत होती म्हणूनच एवढ्या घरी जाता आलं.

फास्टॅगचं राहिलंच. पास काचेवर असूनही जाताना एका नाक्यावर पैसे कापले गेले, कारण यंत्र आधी टॅग वाचतं. नाक्याच्या अलीकडेच गाडी हळू करून कर्मचाऱ्याला पास दाखवा. तरी कापले तर पासचा फोटो आणि कपातीचा मेसेज जपून ठेवा, आणि टॅग ज्या बँकेचा आहे तिथे तक्रार करा. टॅग गाडीमालकाचा असतो, म्हणून मेसेजही त्यालाच जातो आणि परतावाही त्याच्याच खात्यात. आम्हाला हे ड्रायव्हरने सांगितलं म्हणून कळलं. शेवटचा हिशेब करताना ती रक्कम वहिनीने भाड्यातून वळती करून घेतली.