एप्टेशियाची नोंद: पेपरमिंट, उसनी फाइलफिश आणि बर्घिया

एप्टेशिया म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत उपद्रव करणारा, डंख मारणारा छोटा समुद्री अ‍ॅनिमोन. त्याला खाणारे जीव सोडून तो आवरायचा, त्याची ही नोंद. नव्याने वाचणाऱ्यांसाठी टाकीची कुंडली एकदाच. ३६ × १८ × १८ इंच, दगड-वाळू वगळता दीडशेएक लिटर पाणी, खाली संप (फिल्टरची दुसरी टाकी), पाणी गार ठेवणारा चिलर २६ अंशांवर, खारेपणाचं माप म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५. मासे म्हणजे ऑसेलारिस क्लाउनची जोडी, एक फायरफिश आणि एक पिवळी वॉचमन गोबी. मऊ प्रवाळांत मश्रूम, झोआ आणि एक टोडस्टूल लेदर. हार्ड कोरल नाहीत आणि येणारही नाहीत. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा "एखादा फ्रॅग (प्रवाळाचा तुकडा) बघ ना" असे मेसेज कृपया मला करू नका.

जून

पाऊस सुरू झाला की गोरेगावच्या हवेत इतका दमटपणा येतो की टाकीवरचे पंखे नुसतेच फिरतात, पाणी उडत नाही आणि गारही होत नाही. चिलर दिवसभर चालू, बिल विचारू नका. एप्टेशियाला मात्र कशाचंच काही नाही. डाव्या दगडाच्या पोटाखाली दाटी आहे, ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी संपमध्ये उतरतं त्या खाचांच्या) दातांमध्ये आहेत, संपमध्ये आहेत. खरा त्रास झोआंच्या मधोमध उगवलेल्यांचा. त्यांचे शुंडक जिथवर पोचतात तिथल्या झोआ दिवसभर मिटून बसतात.

चुन्याची दाट पेस्ट सिरिंजने एप्टेशियाच्या तोंडात भरणं, लिंबाचा रस, उकळतं पाणी, हे उपाय सगळ्यांना माहीत आहेत. सुटे, समोर दिसणारे एप्टेशिया त्याने मरतात, नाही असं नाही. पण दगडाच्या भोकात बसलेला सुई जवळ येताच आत ओढला जातो आणि पेस्ट बाहेरच सांडते. त्यात हा प्राणी सरकताना तळपायाचे बारीक तुकडे मागे सोडतो आणि प्रत्येक तुकड्याचं नवं पिल्लू होतं. ब्लेडने खरवडणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

गंमत म्हणजे याच चिवटपणामुळे प्रयोगशाळांना हा प्राणी फार प्रिय आहे. प्रवाळ आणि त्यांच्या पेशींत राहणारी शैवालं यांचं नातं अभ्यासायला तो वापरतात, आणि २०१५ मध्ये त्याचा जीनोमही प्रसिद्ध झाला. त्यांना पाहिजे असतील तर माझ्याकडून पोतंभर घेऊन जावेत.

जुलै

एप्टेशिया खाणाऱ्यांतला पहिला पर्याय पेपरमिंट श्रिंप, म्हणजे एक छोटी कोळंबी. क्रॉफर्ड मार्केटकडच्या दुकानांतून चक्कर मारली. एका ठिकाणी "पेपरमिंट" म्हणून जे दाखवलं ते कॅमल श्रिंप होतं. फरक लक्षात ठेवा, कारण कॅमल आपल्याच बाजूच्या समुद्रातलं, त्यामुळे दुकानात तेच जास्त दिसतं. कॅमलच्या अंगावर लाल पट्ट्यांमध्ये ठळक पांढऱ्या रेघा आणि ठिपके असतात, पाठीला कुबड असतं आणि डोक्यापुढची चोच वरखाली हलते. पेपरमिंटचं अंग काचेसारखं, त्यावर बारीक लाल रेघा, पांढरं काही नाही. कॅमल एप्टेशियाला सहसा विचारत नाही, झोआ आणि मश्रूम मात्र कुरतडतं. दुकानदाराला हे दाखवलं तर म्हणाला, "साहेब, सगळे हेच नेतात." नेत असतील.

खरे पेपरमिंट दुसरीकडे मिळाले. त्यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पोट भरलेलं पेपरमिंट एप्टेशियाकडे ढुंकूनही बघत नाही. मी रोज मायसिस (कोळंबीसारखं बारीक खाणं) टाकत होतो तोवर ते मश्रूमच्या मांडीवरचे तुकडे पळवण्यात मग्न होते. खाणं एक दिवसाआड केलं आणि तेही मोजकं, क्लाउनच्या तोंडासमोरच सोडलं, तेव्हा कुठे रात्री दगडांवर हालचाल सुरू झाली. काचेवरचे आणि वाळूलगतचे बारके एप्टेशिया दिसेनासे झाले. मोठ्यांना त्यांनी हात लावला नाही.

ऑगस्ट

कॉपरबँड बटरफ्लाय माझ्या टाकीत नको. एप्टेशिया तो खातो, पण हा मासा टाकीत आल्यावर काहीच न खाता खंगतो अशी उदाहरणं रग्गड आहेत, आणि त्याला माझ्या टाकीच्या दुप्पट-तिप्पट जागा लागते. एका उपद्रवापायी एक देखणा मासा उपाशी मारायचा, हे मला पटत नाही.

फाइलफिश (ब्रिसल-टेल, एप्टेशिया खाणारी म्हणून विकतात तीच) ठाण्याच्या मित्राकडून उसनी आणली. मजेदार प्राणी आहे. दगडाशेजारी तिरकी उभी राहून रंग बदलते, आणि घरचे विचारतात, "मेली का?" तिने मधल्या आकाराच्या एप्टेशियांचा चांगला समाचार घेतला. मग एका संध्याकाळी झोआच्या कडेला तोंड लावताना दिसली. दुसऱ्या दिवशी सुद्धा तेच. तिसरी संधी दिली नाही, मित्राला परत पोचवली. त्याच्याकडे फक्त मासे आणि दगड आहेत, तिथे ती खुशाल नांदते.

या सगळ्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. भक्षक सोडणं म्हणजे बाटलीतलं औषध ओतणं नव्हे. एक नवा जीव घरात येतो, त्याला त्याची भूक असते, आवडीनिवडी असतात, आणि एप्टेशिया संपल्यावर त्याच्या पोटाचं काय, हा प्रश्न आणण्याआधीच सोडवावा लागतो.

गणपतीनंतर

बर्घिया आल्या. डोंबिवलीचा एक जण बरण्यांमध्ये एप्टेशिया वाढवतो आणि त्यावर बर्घिया पोसतो, त्याच्याकडून डझनभर घेतल्या. ही इवलीशी समुद्री गोगलगाय, पूर्ण वाढली तरी दोन-अडीच सेंटिमीटर, आणि खाते फक्त एप्टेशिया. माजानो अ‍ॅनिमोनलाही तोंड लावत नाही, त्यामुळे तुमच्याकडे माजानो असतील तर बर्घियाच्या नादी लागू नका.

त्याआधी पेपरमिंट बाहेर काढायचे होते, कारण ते बर्घिया खातात. प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत कोळंबीचा तुकडा टाकला आणि दिवे गेल्यावर वाळूवर ठेवली. सगळे सापडले, आता मित्राकडच्या टाकीत आहेत. सिक्स-लाइन रास (बर्घिया खाणारा एक मासा) असती तर तिलाही निरोप द्यावा लागला असता. बर्घिया आत ओढल्या जाऊ नयेत म्हणून वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) जाळीवर स्पंज लावला आणि ओव्हरफ्लोच्या दातांवरही.

रात्री पंप बंद करून ड्रॉपरने सोडल्या. टाकीभर विखुरल्या नाहीत, डाव्या दगडाच्या पोटाखाली दोन घोळक्यांत, म्हणजे त्यांची आपापसांत गाठ पडेल. प्रत्येक बर्घिया नर आणि मादी दोन्ही असते, पण जोडीदार लागतोच. आई बघत होती. "अरे, त्या गोगलगाईंसाठी एवढं पाणी थांबवून ठेवलंयस? माझ्या तुळशीला वेळेवर घालत नाहीस."

टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावून बसलो. पाठीवर राखाडी-तपकिरी बोटांची झालर, पुढे दोन लांब मिशा. त्या मिशांनी दगड चाचपत ती एप्टेशियाच्या देठाशी आली. स्पर्श होताच एप्टेशियाने मिटून घेतलं आणि अंगातून पांढरे धागे बाहेर फेकले. तेच त्याचं हत्यार, डंखपेशींनी भरलेलं. बर्घिया मागे सरकली, झालर फुलवली, आणि बाजूने पुन्हा देठाला भिडली. गिळलेल्या डंखपेशी न फुटता तिच्या पाठीवरच्या बोटांच्या टोकांत जाऊन साठतात आणि मग त्या तिचंच संरक्षण करतात. झालरीचा तपकिरी रंगही एप्टेशियातल्या शैवालामुळे येतो.

नंतर बरेच दिवस काहीच दिसलं नाही. हा काळ सगळ्यांना छळतो, आणि इथेच लोक कंटाळून पुन्हा सिरिंज उचलतात. करू नका, तुम्ही त्यांचं जेवण काढून घेताय. एका सकाळी मागच्या काचेवर चकलीसारखी पांढरी गुंडाळी दिसली. अंडी! साधारण दोन आठवड्यांत त्यातून पिल्लं निघतात, आणि दगडाच्या ज्या भोकांत सिरिंज पोचत नाही तिथे ही पिल्लं पोचतात. माझ्या मते बर्घियाचं खरं काम दुसरी पिढी करते, आपण सोडलेल्या फक्त तिची सोय लावतात.

मध्येच कुणीतरी विचारलं की ओहोटीला कार्टर रोडच्या खडकांवर समुद्री गोगलगाई दिसतात, त्यातलीच एखादी आणली तर? नाही. या गोगलगाईंचं खाणं ठरलेलं असतं, कुणाला विशिष्ट स्पंज, कुणाला हायड्रॉइड. तुमच्या टाकीत ती उपाशी मरेल. बघायला जा, फोटो काढा, उचलू नका.

दिवाळीनंतर

डाव्या दगडाचं पोट मोकळं आहे. झोआंमधले मोठे एप्टेशिया आधी आखडले, मग एकेक करून गेले, आणि तिथल्या झोआ पुन्हा सपाट उघडतायत. ओव्हरफ्लोच्या दातांत अजून काही शिल्लक आहेत, कारण तिथे प्रवाह जोरात आहे आणि स्पंजही मध्ये येतो. त्यांना चुन्याची पेस्ट लावीन, ते दिसतात आणि सुटे आहेत. संपमधल्यांना मुद्दाम हात लावलेला नाही. वरचं अन्न आटत चाललंय, म्हणून उरलेल्या बर्घिया दिसतील तशा ड्रॉपरने उचलून संपमध्ये हलवतोय, म्हणजे तिथे त्यांना काही काळ पुरेल. संपमधून पाणी वर चढवणाऱ्या रिटर्न पंपला बारीक जाळी बसवली आहे. खाणं अजून एक दिवसाआडच आहे, आणि त्यामुळे नायट्रेटही उतरलंय, हा फुकटचा फायदा.

संपमधलं संपायच्या आत जास्तीच्या बर्घिया वाटून टाकायच्या आहेत. वेस्टर्न लाइनवर कुणाकडे एप्टेशिया उतू जात असतील तर रविवारी सकाळी झाकणाचा डबा आणि आपल्या टाकीतलं पाणी घेऊन या, पैसे नकोत. टाकीत रास किंवा पेपरमिंट असतील तर आधी त्यांची सोय लावा आणि मगच या.