साडेपाच तास मागे! बाबांच्या जुन्या पीसीने माझे दोन रविवार खाल्ले

बाबांचा पीसी म्हणजे जुना डबा, विंडोज 7 वाला, त्यावर ते सोसायटीच्या पावत्या बनवतात. एक दिवस एक सभासद पावती घेऊन दारात, तारीख काय तर 1 जानेवारी 2009. त्याच दिवशी मेलही उघडेना, 'तुमचं घड्याळ मागे आहे' असा मेसेज. साइटचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा दाखला) आत्ताचं आणि पीसी बसलाय 2009 मध्ये, त्याच्या हिशोबाने ते अजून जन्मालाच आलेलं नाही, मग ब्राउझर अडणारच.

हे सोपं होतं. मदरबोर्डवर, म्हणजे पीसीच्या आतल्या मुख्य बोर्डवर, घड्याळ चालू ठेवणारा चपटा गोल सेल असतो, सीआर2032, 3 व्होल्टचा, तो संपला होता. पुण्याच्या तपकीर गल्लीतून नवा आणला, क्लिप दाबून जुना काढला, प्लसची बाजू वर ठेवून नवा बसवला, तारीख लावली, झालं.

झालं कसलं! तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला पीसी दाखवतोय साडेपाच. बाबा म्हणाले, "तुझा सेल डुप्लिकेट दिसतोय." मलाही पटलं, परत तपकीर गल्ली, या वेळी बुधवार पेठेतल्या त्या गर्दीत पार्किंग शोधण्यातच अर्धा तास गेला. दुसरा सेल टाकला. दोन दिवस बरोबर, मग परत मागे. शेवटी वैतागून घराजवळच्या एका रिपेअरवाल्याकडे टाकला, त्याने चार दिवस ठेवून घेतला, तिसरा सेल टाकला, तीनशे रुपये घेतले आणि वर म्हणतो, "साहेब, मदरबोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या." घरी आणला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझी सटकली.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं, वही घेऊन खरी वेळ आणि पीसीची वेळ लिहायला लागलो. 11 ला 5:30. 4:15 ला 10:45. मिनिटं अगदी बरोबर आणि फरक दरवेळी साडेपाच तासांचाच! सेल कमजोर असता तर घड्याळ वाटेल तसं रेंगाळलं असतं नाहीतर सरळ 2009 ला गेलं असतं, असं मोजूनमापून मागे कशाला पडेल? साडेपाच तास म्हणजे ग्रिनिच आणि आपल्यातला फरक, हे शाळेत घोकलंय आणि डोक्यात यायला मला दोन रविवार लागले.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहणारा भाचा संध्याकाळी कोडिंगला येऊन बसतो. त्याला विचारलं तर म्हणतो, "मामा, मी विंडोजला हातच लावत नाही, मी माझ्या उबंटूत असतो." उबंटू म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, दिवाळीच्या सुट्टीत त्याने ती बाबांच्या त्याच पीसीवर टाकलीय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! उबंटू मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ, म्हणजे यूटीसी, लिहून ठेवतं आणि विंडोज त्यालाच भारताची वेळ समजतं. भाचा येऊन गेला की दुसऱ्या दिवशी बाबांचं घड्याळ मागे.

उबंटूच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) एक कमांड मारली, टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1, की उबंटूपण तिथे स्थानिक वेळच ठेवतं. एक ओळ. त्यावर उबंटू थोडी कुरकुर करतं, करू दे.

हां, सेल काढण्याआधी बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या) स्क्रीनचे फोटो काढून ठेवा, सेटिंग उडतात आणि हार्डडिस्कचा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही. आणि वर्षच चुकलं असेल तर इंटरनेट टाइमचं 'अपडेट नाऊ' दाबत बसू नका, आधी तारीख आणि वेळ हाताने लावा. बाबांनी मधेच वेळ हॉलच्या घड्याळावरून लावली होती, ते आमच्याकडे दहा मिनिटं पुढे असतं, तो घोळ वेगळाच.

पहिला सेल संपला कशाने तेही कळलं. बाबा रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात. ते चालू असलं तर पीसी बंद असतानाही घड्याळाला एसएमपीएसकडून (पीसीला वीज देणारा डबा) करंट मिळतो, नाहीतर सगळा भार सेलवर. सांगून पाहिलं. "बिल तू भरतोस का?"

मी आणलेले दोन्ही सेल नंतर मीटरवर तपासले, दोन्ही 3 व्होल्टच्या वर. एक बायकोच्या किचनमधल्या वजनकाट्यात मस्त चालतोय.