फणसाचं टेबल: फेब्रुवारीचं माप आणि जुलैचं माप

टेबलाचा टॉप काल परत मोजला, रुंदीला ८२५ मिलीमीटर भरला. फेब्रुवारीच्या शेवटी कडा सरळ करून तयार झाला तेव्हा तो ८२० होता, तसं खालच्या बाजूला पेन्सिलीने तारखेसकट लिहून ठेवलंय. म्हणजे पावसाने ५ मिलीमीटर वाढला, आणि तरी कुठे चीर नाही, सांधा उघडला नाही, सरळपट्टी आडवी ठेवली तर खालून उजेड दिसत नाही. फुगायला जागा ठेवूनच सगळं जोडलंय म्हणून. यावेळी मुख्यतः याच विषयावर लिहितोय, कारण गोव्यात घरी फर्निचर करणाऱ्या प्रत्येकाला हे झेपवावंच लागतं आणि आपण व्हिडिओ बघून शिकतो ते बरेचसे कोरड्या किंवा थंड हवेतल्या लोकांचे असतात.

आधी लाकडाचं सांगतो. डिचोलीला आमच्या कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) जुना फणस होता, तो मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुळासकट आडवा झाला. १९८४ च्या झाडं राखायच्या कायद्यामुळे गोव्यात आपल्याच जमिनीतलं झाड तोडायलाही ट्री ऑफिसरची परवानगी लागते, हे तर पडलेलंच होतं, तरी वन खात्याचे कागद करून घेतले आणि मगच ओंडके सॉ मिलवर नेले. दीड इंची फळ्या पाडून घेतल्या. त्याच दिवशी फळ्यांच्या दोन्ही टोकांना उरलेला ऑइल पेंट जाड लावून टाकला. टोकातून पाणी बाजूंच्या मानाने कितीतरी भराभर निघून जातं, म्हणून चिरा टोकाला पहिल्या पडतात. मग खाली दगडी चिरे मांडून त्यावर फळ्यांची रास, प्रत्येक थरामध्ये एक इंची पट्ट्या, दर दीड फुटावर, आणि सगळ्या पट्ट्या एकाखाली एक, अगदी ओळंब्यात. पट्ट्या मागेपुढे झाल्या की वरच्या वजनाने फळी तिथे वाकते आणि तशीच वाळते. वर पत्रा, चारी बाजू उघड्या. एका इंचाला एक वर्ष असा हवेत वाळवायचा ढोबळ हिशेब असतो, आपल्याकडचे पावसाळे धरले तर त्याहून जास्तच द्यावं, मी भरपूर दिलं.

फणसाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण लोक सागवानाशिवाय दुसरं काही बघतच नाहीत. रंधा मारला की आतलं लाकूड हळदीसारखं पिवळंधमक निघतं आणि उजेडात राहून राहून तांबूस तपकिरी होत जातं. हा पिवळा रंग इतका पक्का की थायलंडकडचे अरण्यात राहणारे बौद्ध भिक्षू आपली वस्त्रं फणसाचा गाभा उकळून रंगवत आलेत. मृदंग, वीणा यांचं खोडही फणसाचंच. वाळवी गाभ्याला सहसा हात लावत नाही, पण सालीलगतचं जे फिकट पांढरं लाकूड असतं त्यात पीठ पाडणारा किडा हमखास येतो, तेव्हा ते पांढरं मी सरळ कापून बाजूला काढलं, टॉपमध्ये एक बोटभरसुद्धा ठेवलं नाही. फळी अरुंद झाली तरी चालेल.

त्रास एकच, रेषा. फणसाचे तंतू एका पट्ट्यात इकडे वळलेले आणि शेजारच्या पट्ट्यात तिकडे, त्यामुळे रंधा कुठूनही मारा, कुठेतरी खपली निघतेच. चार नंबरचा लोखंडी रंधा वापरतोय. पातं २५ अंशावर घासून टोकाला ३० अंशाची बारीक धार, आणि चिपब्रेकर, म्हणजे पात्यावर बसणारी लोखंडी पट्टी, पात्याच्या टोकापासून जेमतेम अर्धा मिलीमीटर मागे. तो इतका जवळ आणला की निघणारा काप वर उचलायच्या आधीच मोडतो आणि खपली निघत नाही. तोंड अगदी बारीक, काप इतका पातळ की पलीकडचं बोट दिसावं. तरी जिथे रेषा उलटसुलट आहेत तिथे शेवटी कार्ड स्क्रॅपरच (हातात धरून खरवडायची पातळ पोलादी पट्टी) घेतला. स्क्रॅपर गरम होतो, अंगठे भाजतात, पण त्यातून जो पृष्ठभाग निघतो त्याला नंतर १८० चा सँडपेपर हलकासा फिरवला की झालं. सँडर लावून तासन्‌तास धूळ खाण्यापेक्षा मला हे फार आवडतं, आणि हाताला लाकूड कळत जातं.

आता मुद्द्याकडे येतो. लाकूड किती वाळलं हे हवेवर ठरतं. हवेत आर्द्रता ६५ टक्के असली तर लाकूड साधारण १२ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ८५ टक्के झाली तर १७ च्या आसपास जातं, मग ते दहा वर्षं वाळवलेलं असू दे नाहीतर शंभर वर्षांचं. जुन्या घराचं पुढचं दार आषाढात खांदा लावल्याशिवाय उघडत नाही आणि माघात आपोआप सरकतं, ते यामुळेच. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, ते हलतं रुंदीत. त्यातही ओंडक्याच्या गोलाईच्या दिशेने जेवढं हलतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने हलतं. सागवान हे कमी हलणाऱ्या लाकडांत मोडतं, त्याचंही गोलाईच्या दिशेने ओलाव्याच्या दर एका टक्क्याला ०.१९ टक्के धरतात. मी फणसालाही ०.२ धरलं. ८२० मिलीमीटर, ४ ते ५ टक्के ओलाव्याचा फरक, म्हणजे वाईटात वाईट ८ मिलीमीटर. काही फळ्या गाभ्याजवळून उभ्या फाडलेल्या आहेत, त्या कमी हलतात, म्हणून प्रत्यक्षात ५ च दिसतंय. पण जागा ८ ची ठेवायची.

आणि इथेच महिन्याचा प्रश्न येतो. माझं ठाम मत झालंय की गोव्यात कुठलंही ड्रॉइंग काढताना कोपऱ्यात मापांबरोबर महिना लिहायला पाहिजे. फेब्रुवारीत जोडताय तर लाकूड वर्षातल्या सगळ्यात बारीक मापाच्या जवळ असतं, ते पुढे फुगणारच, तेव्हा फट ठेवा. जुलैत जोडताय तर ते फुगलेलं आहे, पुढे आकसणार, तेव्हा घट्ट बसवा आणि चौकटीच्या खाचेत जाणारी जीभ लांब ठेवा नाहीतर जानेवारीत फळी चौकटीतून बाहेर डोकावेल. कपाटाच्या दाराचं पॅनेल, ड्रॉवर, सगळ्याला हेच. खोल ड्रॉवर उन्हाळ्यात अगदी फिट करून बसवला तर पावसात तो उघडायला दोन माणसं लागतात.

टेबलाचा सांगाडा साधा आहे. पाय ७० बाय ७०, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या ९० रुंद आणि २४ जाड, उंची ७४५. टेनन, म्हणजे पायाच्या खाचेत जाणारं पट्टीचं बारीक केलेलं टोक, पट्टीच्या जाडीचा तिसरा हिस्सा, म्हणजे ८ मिलीमीटर, लांबी ३०, आणि दोन टेनन पायाच्या आत एकमेकांना भेटतात तिथे टोकं ४५ अंशात कापलेली. मॉर्टाइज, म्हणजे पायातल्या त्या खाचा, पटाशीनेच खणले, आधी ड्रिलने मधला माल काढून. खाचेच्या भिंती गुण्यात आहेत ना हे बघायला गुण्याची पाती आत घालून उजेडाकडे धरायची. सांध्याला बांबूच्या खुंट्या मारल्यात, आणि टेननमधलं भोक पायातल्या भोकापेक्षा दीड मिलीमीटर खांद्याच्या (टेनन जिथून सुरू होतो त्या पायरीच्या) बाजूला सरकवलेलं, त्यामुळे खुंटी ठोकताना सांधा स्वतःच ओढून घट्ट बसतो, क्लॅम्प नसला तरी चालतं. जुना वठलेला, भरीव बांबू घ्या. आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या मेस्तनी (सुतारांनी) खुंटी बघितली, बोटात फिरवली आणि म्हणाले, "हिला चार दिवस चुलीवर टांग बाबा, मग मार." गॅसच्या घरात चूल नाही म्हणून पत्र्याखाली कडक उन्हात ठेवली. कारण सरळ आहे, खुंटी सांध्यापेक्षा कोरडी हवी, म्हणजे आत गेल्यावर ती हवेतला ओलावा घेऊन फुगते आणि कायमची धरून बसते.

टॉपला पाच फळ्या. प्रत्येक जोडीच्या कडा एकत्र उघड्या पुस्तकासारख्या धरून एकदमच रंधल्या, म्हणजे कोन थोडा चुकला तरी दोन्हीकडे उलट चुकतो आणि जोडल्यावर सपाटच येतं. पाऊण इंची जीआय पाइपला लावायचे क्लॅम्प हेड मिळतात, पाइप प्लंबिंगच्या दुकानातून हव्या त्या लांबीचे कापून आणले, तयार सॅश क्लॅम्पपेक्षा खूप स्वस्त पडतात. एक खाली एक वर असे लावायचे, सगळे एकाच बाजूने आवळले तर टॉप वाकतो. पाइप आणि ओला गोंद यांच्यामध्ये कागद घाला, नाहीतर लोखंडाचा काळा डाग लाकडात उतरतो. गोंद फेविकॉलचा मरीन. पाण्यातला गोंद पाणी उडून गेल्यावरच धरतो, म्हणून जोडकाम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकलं, दमट दिवसांत तो फार वेळ घेतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टॉप सांगाड्यावर बसवणं. इथे कुठेही गोंद नाही आणि वरून आरपार स्क्रूही नाही. आडव्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला वरच्या कडेपासून १० मिलीमीटर खाली एक लांब खाच, १० मिलीमीटर खोल. सागवानाच्या तुकड्यांची लाकडी बटणं केली, प्रत्येकाला जीभ, जीभ खाचेत आणि बटण खालून टॉपला स्क्रूने. रुंदीच्या बाजूच्या पट्ट्यांवर बटण खाचेतून आडवं सरकतं, तिथे चिंता नाही. लांबीच्या पट्ट्यांवर मात्र टॉप फुगला की जीभ खाचेत आणखी आत जाते, म्हणून फेब्रुवारीत बसवताना जीभ अर्धीच आत ठेवली, बटणाचा खांदा आणि पट्टी यांच्यामध्ये ५ मिलीमीटर मोकळे. प्रत्येक बाजूला निम्मीच हालचाल येते, म्हणजे ४, आणि एक वरचा. काल टेबलाखाली आडवं होऊन फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) घातला तर दोन्ही बाजूंना अडीचच्या आसपास उरलेत, कागदावरचा हिशेब आणि लाकूड इतकं जुळलेलं बघून फार बरं वाटलं.

स्क्रू पितळेचे. किनाऱ्यापासून लांब असलो तरी आपल्या हवेत साधे लोखंडी स्क्रू काही वर्षांत गंजून डोकं सोडतात, एकतर पितळ घ्या नाहीतर स्टेनलेस, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ३१६ नंबरचं. पितळ मऊ असतं, जुन्या कडक लाकडात मान तुटते, तेव्हा आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढा, वाट तयार होते, मग पितळेच्या आट्यांना मेण चोळून हाताने बसवा, ड्रिलने नाही.

पायांच्या तळाला काजूच्या टरफलाचं तेल पाजलंय, टोकाकडून ते बरंच आत शोषलं जातं. आपल्याकडे होड्यांना आणि वाशांना पूर्वीपासून लावतात, वाळवी लांब राहते. हातमोजे घालूनच काम करा, कातडी अक्षरशः भाजते, आणि पूर्ण वाळल्याशिवाय टाइल्सवर ठेवू नका.

वरच्या टॉपला अजून फक्त सँडिंग सीलरचे (पॉलिशआधीच्या अस्तराचे) हात आहेत, दोन्ही बाजूंना सारखे. खालची बाजू दिसत नाही म्हणून लोक कोरी सोडतात आणि मग एकाच बाजूने ओलावा आत जाऊन टॉप वाटीसारखा वळतो. चपडीचं (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं) पॉलिश मला मनापासून आवडतं पण या दिवसांत स्पिरिट उडताना हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पॉलिश दुधाळ पडतं, अळशीच्या कच्च्या तेलावर तर पावसात सरळ बुरशी येते. तेव्हा दसऱ्यानंतर, वारा कोरडा झाला की टॉपला पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश), कारण गरम ताटं आणि सोलकढी दोन्ही त्यावर सांडणार, आणि पायांना व पट्ट्यांना चपडी. तोवर वर चादर टाकून जेवतोय. चवथीला पाहुणे आले की पहिली खरी पंगत त्यावर.

पर्वरी-पणजीकडे फ्लॅटमध्ये एसी लावून राहणाऱ्यांनी माझी मापं जशीच्या तशी घेऊ नका. सतत एसी चालणाऱ्या खोलीत लाकूड ९-१० टक्क्यांपर्यंत उतरतं, म्हणजे खिडक्या उघड्या ठेवलेल्या पावसाळ्यापासून तिथवरचा फरक माझ्यापेक्षा बराच मोठा. जानेवारीत परत मोजेन आणि आकडा इथेच देईन. कुणी आंब्याचा किंवा शिवणीचा रुंद टॉप केला असेल तर दोन्ही ऋतूंतली मापं आणि फळी कशी फाडलेली होती ते नक्की लिहा, शिवणीच्या चार फळ्या पत्र्याखाली आहेत आणि त्यांचं बाकडं करायचा विचार चाललाय.